मागच्या सीटवरून स्पेन

खोटं बोलायला मला अर्धा सेकंद पुरला. ते निस्तरायला मात्र पाच महिने, एक महासागर आणि आठ फूट लांबीची एक सायकल लागली.

त्याचं असं झालं. एकोणीसशे पंच्याऐंशीचा जानेवारी. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात मी पोळीभाजी खात बसलो होतो आणि समोर हॅलोरन एक वही उघडून बसला होता. हॅलोरन म्हणजे आमच्या ड्राफ्टिंग सेक्शनमधला सगळ्यात जुना माणूस. गेली नऊ वर्षं तो दर मे महिन्यात सायकल घेऊन स्पेनला जायचा. माद्रिदच्या ईशान्येला सोरिया नावाचा एक प्रांत आहे. तिथले, ज्यांवरून कोणीच जात नाही, असे रस्ते शोधायचे आणि त्यांचे नकाशे स्वतःच्या हाताने काढायचे, हा त्याचा छंद. मुळात ड्राफ्ट्समन, त्यामुळे नकाशे असे की बघत राहावं. कडेला बारीक अक्षरात टिपा: 'इथे मोटारींपेक्षा करकोचे जास्त.' 'इथे उतरून मागे वळून बघणे.' 'या पुलावर दुपारी दोन तास झोप.' त्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने सायकल कायमची बंद केली होती.

"माझं संपलं," हॅलोरन म्हणाला. "पण हे रस्ते असेच पडून राहावेत असं वाटत नाही. गुरू, तू चालवतोस ना सायकल? इंडियात सगळेच चालवतात."

आता हे बघा, 'तुला सायकल येते का' असं त्याने नुसतं विचारलं असतं, तर मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं असतं. मी गिरगावात वाढलेला माणूस. आमच्या गल्लीत सायकल होती ती फक्त पाववाल्याकडे आणि तिच्यावर बसायला पावांनाच जागा पुरत नसे. पण प्रश्न माझ्या एकट्याचा राहिला नव्हता. पंचाहत्तर कोटी लोकांच्या वतीने मी तिथे डबा खात होतो.

"ऑफ कोर्स," मी म्हटलं.

हॅलोरनने वही माझ्या डब्याशेजारी सरकवली. त्याचे डोळे ओले झाले होते. माझेही झाले, पण ते घशात अडकलेल्या पोळीमुळे.

घरी येऊन बायकोला, म्हणजे उत्तराला, मी झालेला प्रकार जमेल तितक्या भारदस्तपणे सांगितला. ती भांडी पुसत होती. हातातलं पातेलं तसंच धरून ती वळली.

"अहो, पण तुम्हाला सायकल येते?"

"येत नाही असं नाही."

"म्हणजे येत नाही."

"शिकलो नाही, एवढंच."

उत्तरा सांगलीची. कॉलेजची चार वर्षं रोज सायकलने जाऊन आलेली, तीसुद्धा धाकट्या बहिणीला डबलसीट घेऊन. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षांत हा विषय माझ्या कौशल्यामुळे एकदाही निघाला नव्हता. ती पातेलं खाली ठेवून जी हसायला लागली, ती वरच्या मजल्यावरून आमची मुलगी खाली येईपर्यंत थांबली नाही. सुनेत्रा तेव्हा सतरा वर्षांची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "डॅड, प्लीज. नॉट ऑन अवर स्ट्रीट."

म्हणून मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर माझं शिक्षण आमच्या रस्त्यावर न होता, एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी सकाळी सुरू झालं. सायकल सुनेत्राची जुनी, हँडलला प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या असलेली. उत्तरा मागून सीट धरून पळायची. "समोर बघा, चाकाकडे बघू नका!" असं ती ओरडली की मी हटकून चाकाकडे बघायचो. सामानाच्या गाड्या एकात एक अडकवून ठेवायचा तिथे एक लोखंडी पिंजरा होता. एवढ्या मोठ्या रिकाम्या मैदानात तो एकच अडथळा, आणि मी तीन रविवारांत त्यावर सात वेळा आपटलो. यातलं गणित मला इंजिनियर असूनही आजतागायत उलगडलेलं नाही.

त्यात सायकलचं रजिस्ट्रेशन. शॉमबर्गला लागून असलेल्या ज्या छोट्या गावात आम्ही राहायचो, तिथे सायकलला पोलीस स्टेशनमधून एक स्टिकर आणावा लागे. मी ऑफिसमधून टाय लावूनच गेलो. रांगेत माझ्यापुढे अकरा जण होते आणि कोणाचीच उंची माझ्या कोपराच्या वर नव्हती. खिडकीतल्या ऑफिसरने मला फॉर्म दिला. शेवटची ओळ होती: पालकाची सही.

"सर, पालक म्हणून मीच सही करतो," मी म्हटलं.

"मुलाचं नाव?"

"गुरुदत्त."

"वय?"

"सेहेचाळीस."

त्याने पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे, मग टायकडे, मग झिरमिळ्यांकडे बघितलं. नियमाप्रमाणे चालवणाऱ्याने स्वतःच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करायची नाही, असं त्याने मला फार सौम्यपणे समजावून सांगितलं. शेवटी बाहेर गाडीत बसलेल्या उत्तराला बोलावून तिची सही घेतली. नात्याच्या रकान्यात तिने 'पत्नी' लिहिलं, तेव्हा रांगेतली सगळी मुलं टाचा उंचावून बघत होती.

हा अपमान मी गिळला असता. पण एका रविवारी सकाळी माझा मित्र डॉक्टर नरेंद्र आपल्या गाडीतून त्या पार्किंग लॉटवरून गेला. नरेंद्र मूळ नागपूरचा, इथला नावाजलेला हार्टचा डॉक्टर आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण अमेरिकेत वीस वर्षं काढलेला. आणि त्या काळच्या अमेरिकेत एखादा मोठा माणूस सायकलवर दिसला, तर बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट यायची: दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेला आहे, कोर्टाने लायसन्स काढून घेतलंय.

पुढच्या शनिवारी त्याच्याकडे पार्टी होती. मी आत शिरताच हॉलमधले सगळे ग्लास सोफ्याच्या मागे गेले. नरेंद्रच्या बायकोने, पद्मिनीवहिनींनी, माझ्या हातात कोकम सरबत दिलं आणि ते देताना माझा हात क्षणभर दाबला. मी वर्षातून एकदा, तीही अर्धी बियर पिणारा माणूस. एकूण सात ग्लास सरबत झालं तेव्हा नरेंद्रने मला गराजमध्ये नेलं.

"गुरू, लपवू नकोस यार. किती महिन्यांसाठी गेलं लायसन्स?"

मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर मी पाकीट काढून लायसन्स त्याच्या हातात दिलं. दिव्याखाली धरून, ईसीजी बघावा तसं त्याने ते दोन्ही बाजूंनी बघितलं.

"मग सायकल कशाला?"

"स्पेनला जायचंय. सायकलने."

नरेंद्रने लायसन्स परत केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी सकाळी क्लिनिकला ये."

एप्रिल आला तरी मला सायकल आली नव्हती. सरळ जायचो, पण वळता यायचं नाही. आणि हॅलोरनच्या वहीत वळणाशिवाय दुसरं काही नव्हतं. तो रोज जेवायच्या सुट्टीत विचारायचा, "ट्रेनिंग कसं चाललंय?" आणि नव्या आठवणी सांगायचा. एकदा वाटलं, खरं सांगून टाकावं आणि वही परत द्यावी. तसं उत्तराला म्हटलंही. शनिवारी मला गाडीत घालून ती एका सायकलच्या दुकानात घेऊन गेली. दाढीवाल्या दुकानदाराने मागच्या खोलीतून एक लांबलचक हिरवी सायकल काढली. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल. टँडेम.

"पुढे बसतो तो कॅप्टन," दुकानदार म्हणाला. "हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्याकडे."

"आणि मागच्याने काय करायचं?" मी विचारलं.

"पेडल मारायचं. आणि विश्वास ठेवायचा."

पुढे कोण बसणार याची चर्चा झालीच नाही. उत्तरा आधीच पुढच्या सीटची उंची कमी करून घेत होती.

टँडेमची एक अडचण सायकलच्या पुस्तकांत सापडायची नाही, कारण ती मराठी आहे. उत्तरा मला 'अहो' म्हणायची. आता चौकात सिग्नल लाल झाला आणि कॅप्टनने "अहो, जरा पेडल मारायचं थांबवता का?" एवढं आदराने म्हणायचं ठरवलं, तर वाक्य संपेपर्यंत आपण चौकाच्या मध्यावर असतो. असे दोन चौक झाल्यावर तिसऱ्याला ती किंचाळली, "थांब!" मी थांबलो. पुढच्या चढाला "मार!" मी मारलं. वळणावर "हलू नकोस रे!" सायकलवरून उतरलो की पुन्हा "अहो, पाणी हवंय का?" असा आमच्या संसारात एक नवाच रिवाज पडला: जमिनीवर तुम्ही, सायकलवर तू.

लायसन्सची कंडी पिकलेली होती, ती कायमची संपवावी म्हणून मंडळाने एप्रिलअखेरीस ठेवलेल्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला आम्ही टँडेमनेच गेलो. सहा मैल. श्रीखंडाचा डबा कॅरियरला बांधलेला. शाळेच्या हॉलबाहेर पन्नास-साठ मंडळी उभी होती. उत्तरा कॉलेजातल्या मुलीसारखी झोकात वळण घेऊन थांबली आणि मागच्या सीटवरून मी उतरलो. टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. शांतताच झाली. जेवणापर्यंत बातमी पक्की झाली होती: दोघांचंही लायसन्स गेलं. एका भल्या गृहस्थांनी आपल्या ओळखीच्या वकिलाचं कार्ड माझ्या खिशात घातलं.

मात्र नरेंद्रला आता आमचं स्पेनचं खरं वाटायला लागलं होतं, त्यामुळे सल्ले सुरू झाले. स्पेनमध्ये रस्त्यावर बैल सोडतात, हे त्याने स्वतः टीव्हीवर बघितलं होतं. पद्मिनीवहिनींनी लाल विंडचीटर नेऊ नका म्हणून बजावलं आणि मग स्वतःच भेट म्हणून विंडचीटर आणून दिला, केशरी. शिवाय पाच पौंड चिवडा.

राहता राहिला व्हिसा. आमचे पासपोर्ट अजून भारतीयच होते. फॉर्मला जोडायला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता आणि लेखी होकार हवा होता. हॅलोरनच्या वहीत पत्ते होते, पण ते असे: 'चर्चमागे. दार ठोठावणे. बेनिता.' शेवटी सुनेत्रा मदतीला आली. शाळेत तिचं स्पॅनिश होतं. तिने सहा गावांना सहा सुबक पत्रं लिहिली आणि पाच उत्तरंही आली. ती घेऊन आम्ही शिकागोत व्हिसाच्या खिडकीशी उभे राहिलो. आतल्या बाईंनी एक पत्र वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्याला चष्मा काढून आमच्याकडे बघितलं.

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

"अगदी उत्तम. का?"

झालं होतं असं, की स्पॅनिशमध्ये लग्न झालेल्याला 'कासादो' म्हणतात आणि थकलेल्याला 'कान्सादो'. सुनेत्राने सहाही पत्रांत आमची ओळख 'भारतातून आलेलं एक थकलेलं जोडपं' अशी करून दिली होती. "बेनिता लिहितात," बाई वाचू लागल्या, "की बिचाऱ्यांना जरूर पाठवा, गाद्या लोकरीच्या आहेत, आणि गावात आवाज म्हणून नाही." मग त्यांनी विचारलं, "पण या गावांना कशाला जाताय? तिथे काहीच नाही."

"काहीच नाही म्हणूनच," उत्तरा म्हणाली.

बाईंनी शिक्का उचलला. थकलेल्या माणसांना अडवणं त्यांच्याही जिवावर आलं असावं.

टँडेम विमानात कशी गेली ते सविस्तर सांगत नाही. दोन फ्रिजची खोकी एकाला एक जोडून केलेल्या त्या पेटीत नक्की काय आहे हे विमानतळावर सहा जणांनी विचारलं आणि एकालाही उत्तर पटलं नाही. माद्रिदहून आगगाडीने आम्ही आल्मासान नावाच्या गावी उतरलो, स्टेशनबाहेर सायकल जोडली. एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला आणि उत्तराला सांगितलं नाही.

आणि मग ते रस्ते.

हॅलोरनने खोटं लिहिलं नव्हतं. मे महिना संपत आलेला, दोन्ही बाजूंना हिरवा गहू, त्यात लाल खसखशीची फुलं, आणि मधून दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला शेतात उतरावं लागेल एवढा डांबरी रस्ता. पण समोरून गाडी येतच नव्हती. पहिल्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत आम्हाला एक ट्रॅक्टर, एक पोस्टमन आणि चारशे मेंढ्या भेटल्या. शांतता इतकी, की मी मागे चिवडा खाल्ला की उत्तरा पुढून म्हणायची, "दाणे संपवू नकोस." गावागावांत चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी. ते चोच वाजवतात तेव्हा कोणीतरी वर बसून टाईपरायटर चालवतंय असं वाटतं. बेर्लांगाच्या किल्ल्याखाली आम्ही जेवलो, गोर्मासच्या चढावर रडलो, दुएरो नदीवरच्या पुलावर वहीत सांगितल्याप्रमाणे दोन तास झोपलो. मुक्कामाला प्रत्येक घरी आमचं स्वागत आजारी माणसांसारखं व्हायचं. बेनिताबाईंनी तर दुपारी पाच वाजता पडदे ओढून आम्हाला पांघरूण घातलं.

खाण्याचं मात्र जपावं लागे. उत्तरा शाकाहारी. "मांस नको" एवढं स्पॅनिश ती पाठ करून आली होती. ते ऐकून लोक फार समजूतदारपणे मान डोलवायचे आणि हॅम आणून ठेवायचे. हॅम त्यांच्या हिशेबी मांस नव्हतं, ती भाजीची चव होती. चौथ्या दिवसापासून ती अंडं-बटाट्याच्या जाड ऑम्लेटवर आली आणि खूश राहिली. मीही खूश होतो, हे कबूल करायला हवं. मागच्या सीटवर माणसाला काही ठरवावं लागत नाही. समोर बायकोची पाठ, वेणी आणि केशरी विंडचीटर; आजूबाजूला स्पेन. इतकी वर्षं मी गाडी चालवली आणि रस्त्याशिवाय काहीच बघितलं नव्हतं.

भांडण झालं ते सहाव्या दिवशी, सोरियाकडे परतताना. लांबलचक चढ होता. अर्ध्यावर उत्तराने मागे न बघता विचारलं, "तू मारतोयस ना पेडल?"

मी मारत होतो. अगदी जीव तोडून नसेल, पण मारत होतो. मला ते लागलं. माथ्यावर पोचेपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. तीही बोलली नाही. माथ्यावर ती एक पाय टेकून थांबली, पाणी प्यायली. तेवढ्यात वाऱ्याने माझी टोपी उडाली आणि गव्हात गेली. मी उतरून टोपीमागे गेलो. उतरतो आहे असं सांगितलं नाही, कारण आमचा अबोला होता. टोपी घेऊन वळलो, तो रस्त्यावर कोणी नाही. पलीकडच्या उतारावर केशरी ठिपका झपाट्याने लहान होत चालला होता.

मी ओरडलो. वारा समोरचा. एका मेंढीने मान वर करून बघितलं, बस्स.

उतार तीन किलोमीटरचा होता. मी तो चालत उतरलो. आधी रागाने, मग काळजीने, कारण पासपोर्ट तिच्याकडे होते आणि स्क्रू माझ्याकडे. सायकलचा कुठला भाग कुठे गळून पडला असेल याची चित्रं डोळ्यांपुढे यायला लागली. एकविसाव्या वर्षात पाऊल टाकायच्या आत आपण बायको घालवली, तीही एका टोपीपायी, असं मनात येऊन मी चक्क पळायला लागलो.

खाली वीस-पंचवीस दगडी घरांचं गाव होतं. पळत पळत चौकात पोचलो आणि थांबलो.

चौकाच्या मधोमध दगडी कारंजं होतं. त्याभोवती उत्तरा टँडेम चालवत गोल फिरत होती. मागच्या सीटवर, माझ्या सीटवर, काळे कपडे आणि काळा रुमाल घातलेली ऐंशीच्या घरातली एक म्हातारी दोन्ही पाय फाकवून बसली होती आणि शाळकरी मुलीसारखी ओरडत होती. कारंज्याच्या कडेला आणखी सहा म्हाताऱ्या रांगेत उभ्या होत्या. एकीच्या हातात कोबी होता.

"अगं, हे काय!" मी धापा टाकत म्हटलं.

उत्तराने ब्रेक लावला. म्हातारीला उतरवलं, पुढचीला थांबायची खूण केली, आणि माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. रडली होती हे दिसत होतं, पण आता हसतही होती.

"कुठे होतास तू?"

"टोपी आणायला गेलो होतो."

"मी तीन किलोमीटर बोलत होते," ती म्हणाली. "पूर्ण उतारभर. तू काही उत्तर देईनास. मला वाटलं, चिडलास. मी म्हटलं, बोल ना रे काहीतरी. तरी नाही. शेवटी थांबून वळून बघितलं तर सीट रिकामी! आधी वाटलं पडलास. मग वर रस्त्यावर चालत येताना दिसलास आणि इतका राग आला! तीन महिने जे सांगायचं ठरवत होते, ते सांगितलं, आणि ऐकलं कोणी? वाऱ्याने."

"मग आता सांग."

"समोर बघून नाही सांगता येत. म्हणून तर तिथे बोलले."

आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. बाकावर चार म्हातारे आधीच होते, ते सरकले. उत्तराने कारंज्याकडे बघत सांगितलं. ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत तिला बॉटनीच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळाली होती. सांगलीच्या बी.एस्सी.नंतर वीस वर्षांनी. पत्र मार्चमध्ये आलं होतं, मी पिंजऱ्यावर आपटत होतो त्या सुमारास. सुनेत्रा ऑगस्टपासून तिथेच कॉलेजला जाणार होती. दोघी मिळून छोटी जागा घेणार. दोन वर्षं. घर पाच तासांवर, महिन्यातून दोनदा यायचं.

"सुनेत्राला माहीत आहे?"

"फॉर्म तिनेच टाईप केला."

पहिला विचार फार क्षुद्र आला: मंडळातले लोक काय म्हणतील. नरेंद्र मला पुन्हा गराजमध्ये नेणार, यात शंका नव्हती. दुसरा विचार आला तो संध्याकाळी सहा वाजताच्या आमच्या रिकाम्या स्वयंपाकघराचा. मग मी तिच्याकडे बघितलं. सहा दिवस मी तिची पाठच बघत होतो. चेहरा उन्हाने रापला होता, नाकाचं साल निघालं होतं, आणि लग्नात होती त्याहून ती मला धीट दिसत होती.

"जाऊ ना?" ती म्हणाली. "तुला चालेल?"

तेवढ्यात कोबीवाल्या म्हातारीचा धीर सुटला. तिने कोबी कारंज्याच्या कठड्यावर ठेवला आणि कमरेवर हात घेऊन जोरात काहीतरी म्हणाली. बाकीच्या पाचही जणींनी री ओढली. शब्द कळले नाहीत, पण नंबर तिचा होता.

"जा तू," मी उत्तराला म्हटलं. "मी आहे इथे."

ती अर्धवट उठली आणि तशीच थांबली. यातलं कुठल्या जाण्याला मी हो म्हटलं, ते माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मी होकारार्थी मान हलवली. मग एकदा परत हलवली.

ती जवळजवळ पळतच गेली. कोबीवालीला मागे बसवायला तिघी लागल्या. सायकल दोनदा डगमगली, सरळ झाली आणि कारंज्याभोवती फिरायला लागली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने बोट दाखवून मला खुणेने विचारलं: पुढची तुझी?

"सी," मी म्हटलं. मला येणाऱ्या चार स्पॅनिश शब्दांपैकी हा एक.

त्याने मागे बसलेल्या कोबीवालीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. पंचावन्न वर्षं, असं त्याने दोन्ही हातांची बोटं पुन्हा पुन्हा उघडून मोजून दाखवलं. खिशातून एक संत्रं काढलं, अंगठ्याने सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. त्याची बायको आमच्या समोरून जाताना त्याच्याकडे बघून हात हलवायला गेली, घाबरून पुन्हा हँडल धरलं, आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याची पाठ थोपटली. पुढच्या फेरीला आम्ही पाचही जणांनी हात वर केले.